बिजागरी

काकांचा फोन म्हणजे थेट तंबीच होती. "माळ्यावर तुमचं काय असेल ते रविवारच्या आत उतरवून न्या. सोमवारी बिल्डरची माणसं येणार. मग मला म्हणू नका."

जुन्या नाशकात, तिवंधा चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आमचा वाडा. आम्ही १९९६ साली तो सोडून सिडकोत राहायला गेलो, पण माळा काही रिकामा केला नव्हता. माळा कोण रिकामा करतं? शनिवारी मी आणि बाबा गेलो. बाबांना आता ७४ वं चालू आहे, त्यामुळे त्यांनी खाली खुर्चीत बसून सूचना द्यायच्या आणि मी वर कोळिष्टकांत शिरायचं, अशी वाटणी झाली. गळका बंब, पाटा आहे पण वरवंटा नाही, आजीचं मोडकं शेवपात्र, आणि अगदी कोपऱ्यात डालडाचा पिवळा डबा. झाकण गंजून बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. आत गोट्या, संपलेल्या रिफिली, सापशिडीचा फासा आणि ती डबी.

तळहातावर मावणारी, फिकट निळी, गोल. बायका पर्समध्ये ठेवतात त्या आरशाच्या पावडरडबीसारखी. झाकण एका कानावर लोंबत होतं. मी तिथेच, धुळीत फतकल मारून ती उघडली.

पॉली पॉकेट. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डबी उघडली की झाकण उभं राहतं आणि ती होते घराची मागची भिंत, वरचा मजला. खालचा अर्धा भाग म्हणजे तळमजला आणि अंगण. जिन्याची एकेक पायरी तांदळाच्या दाण्याएवढी, पलंग नखाएवढा, आंघोळीच्या टबात साबुदाण्याचा एक दाणा मावायचा. मावायचा म्हणजे मी ठेवायचेच. चतुर्थीला भिजवलेला साबुदाणा चोरून आणायचा, तो साबणाचा फेस. ठिकठिकाणी बारीक गोल खाचा. बाहुली पुरती एक इंचाचीही नव्हती, तिच्या पायाखाली चकती असे, ती या खाचांत टुक् करून बसे. कंबरेत वाकून ती पलंगावर बसायचीसुद्धा.

ही आणली होती मस्कतच्या आत्यानं, १९९२ च्या मे महिन्यात. मी तेव्हा नऊ वर्षांची. आत्याची बॅग उघडायची म्हणजे वाड्यात सोहळा असे. टँग, निडोचे डबे, कुणाला साबण, कुणाला सेंट. माझ्या हातात ही डबी पडली तेव्हा आई हळूच म्हणाली, "पावडर आहे वाटतं." नंतर माझ्या धाकट्या भावाला आत्यानं तसलंच एक आणलं, हिरवट कवटीच्या आकाराचं. उघडलं की आत राक्षस आणि गुहा. मायटी मॅक्स. दोन्ही एकाच ब्रिटिश कंपनीचे, ब्लूबर्डचे, हे भावाला मी मागच्या आठवड्यात सांगितलं तर त्याला अजून पटत नाही. मुलीचं आणि त्याचं खेळणं एकाच घरातलं कसं असेल!

माझ्याकडे तोवर पितळी भातुकली होती, भांडी बाजारातून आजीनं घेतलेली. चूल, पातेली, परात, पोळपाट, सगळं चोख आणि जड. पण भातुकली मांडावी लागते, आणि ती मांडली की ती सगळ्यांची. कुणीतरी येऊन परातीत पाय देतं, कुणी म्हणतं उचल आता, ताटं घ्यायचीत. मग मोजून गोळा करायची, आणि एक डाव हमखास कमी भरायचा. वाड्यात आमच्याकडे दोन खोल्या आणि माणसं नऊ. माझं म्हणून एक दप्तर, तेही भावाच्या दप्तराखाली दडपलेलं. या डबीचं वेगळंच होतं. कुणी आलं की मिटायची. टक्. आत सगळं जिथल्या तिथे, बाहुली जिन्यावर होती तर जिन्यावरच. डबी खिशात, खिसा माझा. मला आठवत होतं ते घर नव्हतंच मुळी, ते टक् आठवत होतं. आणि आता माळ्यावर बसून मिटायला गेले तर झाकण नुसतंच आपटलं, फतकन.

बाहुली नव्हती. ती कुठे गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या वर्षी दिवाळीत आम्ही पोरांनी अंगणात किल्ला केला होता. अळीव पेरून त्यावर हिरवळ उगवली होती, मातीचे मावळे उभे होते, आणि गडाच्या मुख्य दरवाजात मी तिला उभी केली. मावळे तिच्या चौपट. एका मावळ्याची ढालच तिच्याएवढी. भाऊबीज झाली, किल्ला मोडला, मोठ्या मुलांनी माती घमेल्यात भरून पारिजातकाच्या आळ्यात टाकली. माझ्या लक्षात आलं तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी अख्खं आळं उकरलं. आजी ओरडली, झाड मारतेस का म्हणून.

आता दुरुस्ती. पहिला उद्योग मी माझ्या अकलेनं केला, त्यामुळे तो सगळा वाया गेला. डबीच्या बिजागरीत लोखंडी पिन होती, ती गंजून मध्येच तुटली होती. एका बाजूला अर्धी अडकलेली, दुसऱ्या बाजूला भोक रिकामं आणि त्या कानाला बारीक तडा. मी मेन रोडवरच्या एका घड्याळवाल्याकडे गेले. त्यानं डोळ्याला भिंग लावून डबी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "ताई, पण यात मशीन कुठंय?" पुढे एका चष्म्याच्या दुकानात गेले. तिथला मुलगा उत्साही होता, त्यानं काड्यांचे सगळे स्क्रू काढून लावून पाहिले, एकही पुरला नाही. मग घरी येऊन मी तड्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला. दहा मिनिटांत त्या थेंबाभोवती निळ्या प्लॅस्टिकवर पांढरं धुकं चढलं, आणि गोंद आत ओघळून उरलेली अर्धी पिनही पक्की झाली. म्हणजे आधी बिजागरी ढिली होती, आता ती बिजागरीच राहिली नाही.

संध्याकाळी बाबांना दाखवली. बाबा ३१ वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डायफिटर होते. प्लॅस्टिकचा माल ज्या पोलादी साच्यात ओततात तो साचा जुळवायचा, घासायचा, बिघडला की उघडायचा, हे त्यांचं काम. माझं हे खेळणं त्यांनी १९९२ साली पाहिलं असेल की नाही, मला शंका आहे. फर्स्ट शिफ्टला पहाटे लुना काढून निघायचे, यायचे ते झोपायला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी डोळ्यांपासून चार बोटांवर धरली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "हे चिकटवायचं काम नव्हतं, बसवायचं होतं. कुणी सांगितलं होतं तुला?"

मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. डबी फिरवत राहिले. मी चहा ठेवला, चहा झाला, तरी फिरवतच होते.

"इकडे ये. हा जिना बघ. सरळ नाहीये, प्रत्येक पायरी किंचित कलती आहे. ह्या भिंतीही वर निमुळत्या. याला ड्राफ्ट म्हणतात. असा उतार दिला नाही तर माल साच्यातून सुटत नाही, ओरखडतो. आता पलंग बघ, टब बघ. एकाही वस्तूच्या पोटाखाली पोकळी नाही. साचा सरळ वर उचलला की आख्खं घर सुटं. तळमजला एका शॉटमध्ये, एकाच ओतणीत काढलाय गं यांनी!"

मी त्या घरात दोन-तीन वर्षं राहिले होते म्हणायला हरकत नाही, पण पलंगाखाली जागा का नाही हे मला कधी सुचलं नव्हतं. खरं तर तक्रार होती माझी. पलंगाखाली ट्रंक ठेवता येत नाही, हे कसलं घर!

बाबांनी डबी उलटी केली. बुडाला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, आणि चार गोल चकत्या उमटलेल्या, बांगडीच्या टिकलीसारख्या. मी लहानपणी त्यांना घराचे खांब समजायचे. "इजेक्टरचे ठसे," बाबा म्हणाले. साचा उघडला की गार झालेला माल आतच चिकटून बसतो, त्याला मागून पिना ढकलून बाहेर काढतात. त्या पिनांचे हे ठसे. त्यांनी व्हर्नियर काढलं, ठशावर लावलं. "तीन एमएमची पिन होती." मग बिजागरीच्या भोकाला जुना ड्रिल लावून पाहिला. "आणि ही दीडची. मिळेल."

गंजकी पिन काढायला दोन दिवस गेले. तापवून काढावी असं मला वाटत होतं, तर बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शिवणाच्या मशीनचं तेल, सुईच्या टोकावर एक थेंब, रात्रभर. सकाळी पुन्हा एक थेंब. मी लावलेला गोंद त्यांनी ब्लेडच्या टोकानं कण कण खरवडला. तिसऱ्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून त्यावर बिजागरीचा कान टेकवला, दाभणाचं टोक घासून त्याचा पंच केला आणि पेनाच्या टोपणानं ठोकावं इतक्या हलक्या हातानं ठोकलं. ठोके मी मोजत होते, बावीस झाले. तेविसाव्याला तांबूस भुकटी पडली आणि पाठोपाठ पिनेचा तुकडा. टीपॉयवरून घरंगळून सोफ्याखाली गेला. बाबा म्हणाले, "राहू दे, त्याचं काम संपलं." मी मात्र बॅटरी घेऊन शोधला.

दीडची पिन आणायला आम्ही अंबडला गेलो. बाबांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता तिथे स्वतःचा शेड चालवतो, प्लॅस्टिकचा माल काढायची दोन इंजेक्शन मशिन्स आहेत, वायरिंगच्या क्लिपा काढतो. त्यानं बाबांना वाकून नमस्कार केला, आम्हाला स्टुलावर बसवलं आणि काम काय म्हणून विचारलं. बाबांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून डबी. तिथली चारही पोरं गोळा झाली. त्यातल्या एकानं ती हातात घेऊन विचारलं, "काका, मोल्ड कुठं बनवायचाय याचा?" स्क्रॅपच्या ट्रेमध्ये टोक मोडलेली एक इजेक्टर पिन निघाली. ही पिन कडक असते, साध्या करवतीला दाद देत नाही. ग्राइंडरवर पातळ चाक लावून, पाण्यात बुडवत बुडवत तिचा तुकडा केला. मग ज्याचा शेड तोच म्हणाला, "सर, तुम्ही फिनिश करा." बाबांच्या हाताला आता कंप आहे. पण कानस हातात आल्यावर तो कुठे गेला कुणास ठाऊक.

तड्याचा इलाजही तिथेच सापडला. बाबांनी कापसाच्या काडीला अ‍ॅसिटोन लावून डबीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला टेकवलं. पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे हे प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्यांपैकी, एबीएस किंवा पॉलीस्टायरीन. पॉलीप्रॉपिलीन असतं तर ढिम्म हललं नसतं. शेडमधला एबीएसचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घातला, त्याची श्रीखंडासारखी लापशी झाली. ती टाचणीनं तड्यात भरली. हा गोंद नव्हे, सुकल्यावर तो त्याच घराचा भाग होतो. रंग मात्र पांढरा राहिला, तसाच राहू दिला.

रात्री मी या खेळण्याची माहिती बाबांना वाचून दाखवत होते. क्रिस विग्ज नावाच्या माणसानं १९८३ मध्ये आपल्या मुलीसाठी पावडरच्या रिकाम्या डबीत एक घर केलं, खिशात मावेल असं. पुढे इंग्लंडातल्या स्विंडनच्या ब्लूबर्डनं ते घेतलं आणि १९८९ मध्ये दुकानांत आणलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आईला उगाच हसलो आपण. पावडरचीच डबी होती." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं स्वतः केलं होतं का? हातानं?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत. मला वाईट वाटून घ्यावं का, कळेना. मीही पुढचं वाचत सुटले. ब्लूबर्डचे संस्थापक टॉर्क्विल नॉर्मन यांनी १९९६ साली लंडनची राउंडहाउस नावाची जुनी गोल इमारत घेतली, एके काळची रेल्वे इंजिनांची शेड, आणि ती पाडली नाही, दुरुस्त करून नाटक-गाण्यांसाठी उघडली. खेळणीवाला शेड वाचवतो आणि आमचा वाडा सोमवारी जमीनदोस्त. पण काकांनाही बोलून उपयोग नाही, त्या भिंतीत दर पावसाळ्यात पाणी मुरायचं आणि त्याचा त्रास त्यांनीच काढला.

एक प्रकार मात्र मी बाबांना न विचारता केला. टब आणि पलंग मूळचे पांढरे, ते हळदीसारखे पिवळे पडले होते. असं जुनं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं. पार्लरमध्ये केस रंगवताना वापरतात ते क्रीम डेव्हलपर आणलं, तेवढ्याच दोन भागांवर ब्रशनं लावलं, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणला आणि गच्चीत ठेवलं. एप्रिलमधलं नाशिकचं ऊन. दोन तासांनी पाहते तर टब पांढरा झाला होता, पण पलंगावर कागदाला जिथे सुरकुत्या पडल्या होत्या तिथे क्रीम सुकून पट्टे उमटले होते. आता त्या घरात पट्ट्यापट्ट्यांची चादर आहे. निळ्या रंगाला हात लावला नाही हे नशीब, तो उडालाच असता. भिंतीवरच्या कागदी चित्रांनाही पाणी लागू दिलं नाही. त्यातलं एक, खिडकीतल्या कुंडीचं, कोपऱ्यातून सुटलंय, ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय. ते मीच नखानं उचकटलं होतं.

पिन बसली, झाकण सरळ उभं राहिलं. पण टक् येईना. झाकणाच्या ओठावर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा उंचवटा असतो, तो खालच्या खाचेत अडकतो तेव्हा आवाज होतो. तो झिजून सपाट झाला होता. किती वेळा मिटली असेन मी!

"बारीक लोहचुंबक बसवू का दोन्हीकडे?" बाबांनी विचारलं. त्यांना हे काम आता संपवायचं नव्हतं, असं मला वाटायला लागलं होतं. मी नको म्हटलं. मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीनं १९९८ मध्ये ब्लूबर्ड विकत घेतली, त्यानंतर बाहुल्या मोठ्या झाल्या आणि पुढे त्यांच्या कपड्यांत, पायांत चुंबक आले. ते सुटून मुलांच्या पोटात गेले. एक गेला तर एक वेळ बाहेर पडतो, पण दोन गेले की आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं फाडतात. २००६ मध्ये अमेरिकेत ते लाखो संच परत मागवावे लागले. माझी मुलगी आता नऊची आहे, काही तोंडात घालत नाही, पण तिचा मामेभाऊ दीड वर्षाचा आहे आणि तो सगळंच चाखून पाहतो.

तेव्हा पुन्हा तीच एबीएसची लापशी. टाचणीच्या टोकावर एक थेंब, ओठावर. दुसऱ्या दिवशी सुई कानशीनं एक घासा, मिटून बघा. दुसरा घासा, मिटून बघा. जास्त घासलं की आवाज जातो, कमी घासलं की झाकण बसत नाही आणि तडा पुन्हा उघडण्याची भीती. चौथ्या की पाचव्या घाशाला, दुपारी साडेतीनला, आई आत झोपलेली असताना टक् झालं. मी लहानपणी ऐकलेला आवाज हाच का, सांगता येणार नाही. जरा जाड वाटला. पण आई आतून म्हणाली, "कुणी आलंय का?"

बाहुलीचा प्रश्न उरलाच. २०१८ पासून मॅटेलनं पुन्हा डबीतली छोटी घरं काढली आहेत, लेकीसाठी कॉलेज रोडवरून एक घेतलं. त्यातली बाहुली आमच्या घरात नेऊन पाहिली, तर थोराड आहे, पलंगाबाहेर पाय येतात. लेकीनं तोडगा काढला. तिनं एक गुंज आणली, लाल, काळ्या डोळ्याची, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली. डबी मिटली, उघडली, गुंज टबात. "बघ आई, ती स्वतः खाली गेली," म्हणाली.

परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा बाबा पेपर वाचत होते आणि डबी त्यांच्या गुडघ्यावर. पेपर डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा झाकणाखाली. टक्. उघड. टक्. आई म्हणाली, सकाळपासून हेच चाललंय. मी हात पुढे केला तर त्यांनी डबी कानाशी नेऊन झाकण किंचित हलवून पाहिलं.

"डाव्या बाजूला अजून प्ले आहे, किंचित हलतंय," म्हणाले. "राहू दे इथंच दोन दिवस."